अंक अख्खा ठेव

प्रिय पोरी,

रद्दीच्या गठ्ठ्यात 'फिल्मइंडिया' या जुन्या सिनेमासिकाचे आठ अंक सापडले, हे वाचून मला किती आनंद झाला ते लिहून कळणार नाही. पण त्यातली नट्यांची रंगीत पानं कापून फ्रेम करायचा तुझा बेत आहे, तो मात्र आजच सोड.

तीस वर्षांपूर्वी मी 'फिल्मफेअर'चे वर्षभराचे अंक बांधायला दिले होते. बाइंडरनं मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकली, वर मशिनवर कडाही छाटल्या. सुबक खंड हातात आला, पण त्यातला जीव गेला होता. लेख पुढेमागे कुठल्या तरी पुस्तकात सापडतात. जाहिरात एकदा गेली की गेली. आपला पहिला बोलपट, १९३१ चा 'आलम आरा', त्याची एकही प्रत आज उरलेली नाही. तो कसा दिसत होता हे छायाचित्रं आणि छापील कागदांवरूनच कळतं. म्हणून अंक घेताना मी मलपृष्ठावरची जाहिरात आधी बघतो.

बाबूराव पटेलांनी १९३५ साली मुंबईत 'फिल्मइंडिया' काढलं. त्यांची झोंबणारी परीक्षणं तू वाचशीलच, पण 'एडिटर्स मेल' हे सदर चुकवू नकोस. वाचकांनी काय विचारलं आणि बाबूरावांनी कसं फटकारलं, हे वाचताना त्या काळचा प्रेक्षक समोर येऊन बसतो.

कव्हर गेलेल्या मराठी अंकांचं साल कसं ओळखायचं, असं विचारलंस. किंमत बघ, ती नसेल तर जाहिरातींतल्या साबण-पुस्तकांच्या किमती बघ. फक्त आणे असतील तर अंक बहुधा १९५७ च्या आधीचा. 'नवे पैसे' दिसले तर १ एप्रिल १९५७ नंतरचा; त्यातला 'नवे' हा शब्द जून १९६४ पासून गळला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. एवढ्यावर दशक ठरतं. मग 'येत्या शुक्रवारी' अशी चित्रपटाची जाहिरात सापडली की आठवडासुद्धा हाती लागतो. पडताळायला पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं ग्रंथालय आहेच.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नकोस. त्याचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो. लॅमिनेशन तर नकोच. गंजलेली पिन ओढू नकोस. मधलं जोडपान उघड, पातळ सुरीनं पिनेचे पाय सरळ कर आणि मग पाठीमागून अलगद काढ. अंक आडवे, उन्हापासून लांब ठेव. पावसाळ्यात आठवड्याला एकदा चाळ, नाहीतर कसर लागलेली कळतही नाही.

रविवारी जुन्या बाजारात लवकर ये, आठच्या आत. घेण्याआधी अंक मधोमध उघडून दोन्ही बाजूंची पानं मोजायची. एखादं पान कुणी फाडून नेलेलं असलं, की पिनेच्या पलीकडचं त्याचं जोडीचं पान सैल लोंबत असतं.

आणि त्या आठ अंकांच्या मलपृष्ठांवर कुठल्या चित्रपटांच्या जाहिराती आहेत, ते महिना-सालासकट लिहून आण.

तुझा,
काका