वाचकांचे प्रश्न : टीए-आरएच्या कामावर कॅनडाची पीआर

प्रश्न : कॅनडात मास्टर्स करताना दीड वर्ष टीए (अध्यापन सहाय्यक) आणि आरए (संशोधन सहाय्यक) म्हणून काम केलं. विद्यार्थी असतानाचं काम पीआरसाठी, म्हणजे कायमच्या निवासासाठी, धरत नाहीत, असं सगळे सांगतात. खरं आहे का?

उत्तर : निम्मं खरं आहे. ती अट कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लासची, म्हणजे सीईसीची आहे; कॅनडातल्या कामाच्या अनुभवावर पीआर देणारा हा मार्ग. पूर्णवेळ शिकत असताना केलेला एकही तास तिथे मोजत नाहीत, मग पगार घेतलेला असो आणि काम रीतसर असो. पण एक्स्प्रेस एन्ट्री या पीआरच्या अर्जपद्धतीतच फेडरल स्किल्ड वर्कर हा वेगळा मार्ग आहे आणि त्यात ही अट नाही. सीईसीचा नियम ऐकून अनेक जण इकडे वळतच नाहीत, याचं वाईट वाटतं.

इथे गेल्या १० वर्षांतला, एकाच व्यवसायातला, सलग एक वर्षाचा पगारी अनुभव लागतो. वर्ष म्हणजे आठवड्याला ३० तासांप्रमाणे १,५६० तास. अर्धवेळ कामाचे तासही चालतात, मात्र आठवड्याला ३० च्या वरचे सोडून द्यायचे.

टीए आणि आरए दोन्ही एनओसी, म्हणजे कॅनडाच्या व्यवसाय-वर्गवारीतल्या, ४१२०१ या एकाच क्रमांकात येतात. तो टीईईआर १ (व्यवसायाला लागणाऱ्या शिक्षण-अनुभवाची पातळी) आहे, म्हणून चालतो, आणि व्यवसाय एकच असल्यामुळे दोन्हींचे तास एकत्र धरता येतात. टीएचे १० आणि आरएचे १० असे आठवड्याला २० तास असतील, तर ७८ आठवडे, म्हणजे बरोबर दीड वर्ष लागतं. नुसती टीएशिप असेल तर गणित अवघड होतं. सत्राला १४० तासांचा करार धरला, तर १,५६० साठी बारा सत्रं लागतात. पीएच.डी.वाल्यांनाच ते जमेल.

अर्ज अडतो तो बहुधा 'सलग' या शब्दावर. टीएचा करार एप्रिलमध्ये संपतो, पुढचा सप्टेंबरमध्ये सुरू होतो, आणि मधले चार महिने रिकामे जातात. त्या उन्हाळ्यात आरएचं पगारी काम असेल तर खंड पडत नाही. म्हणून सगळे करार तारखांनुसार मांडून मधल्या फटी आधी शोधा.

यानंतर पात्रतेच्या १०० पैकी ६७ गुण हवेत. मास्टर्सचे २३, भाषेच्या चारही कौशल्यांत सीएलबी (कॅनडाची भाषापातळी) ९ असेल तर २४, पस्तिशीच्या आतल्या वयाचे १२, एक वर्षाच्या अनुभवाचे ९ आणि कॅनडात दोन वर्षं पूर्णवेळ शिकल्याचे ५ धरले, तर ७३ होतात.

मात्र पात्र ठरलात म्हणजे पीआरचा अर्ज करण्याचं निमंत्रण आलंच, असं नाही. २०२५ मध्ये निमंत्रणं मुख्यतः सीईसी, प्रांतांचं नामांकन, फ्रेंच येणारे आणि ठरावीक व्यवसायांतले उमेदवार यांना गेली. शिवाय या मार्गात, कॅनडात कामाची परवानगी आणि कायम नोकरीचा वैध प्रस्ताव यांपैकी एकही कमी असेल तर, बँकेतली ठरावीक शिल्लकही दाखवावी लागते. सीईसीत ती लागत नाही.

प्रश्न : माझा काही पैसा फेलोशिपचा आहे. तो काळ चालेल?

उत्तर : नियमाच्या भाषेत काम म्हणजे ज्याचं वेतन किंवा कमिशन मिळतं ते. आधी वर्षाची कर-स्लिप पाहा. टी-४ असेल तर तो नोकरीचा पगार. टी-४ए वर स्कॉलरशिप म्हणून आलेली रक्कम वेतन ठरवणं फार कठीण जातं. स्वतःच्या थीसिससाठी प्रयोगशाळेत घालवलेले तास अनुभवात घुसडू नका. खोटी माहिती ठरली तर पाच वर्षांची बंदी येते.

प्रश्न : विद्यापीठाकडून पत्र कसं घ्यावं?

उत्तर : लेटरहेडवर, सहीसह. पद, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आठवड्याचे तास, पगार आणि प्रत्यक्ष कामं त्यात हवीत. विभाग बहुतेकदा फक्त तारखा आणि रक्कम देतो, तेव्हा कामांचा तपशील प्राध्यापकांकडून वेगळ्या पत्रात घ्या : ट्युटोरियल घेणं, उत्तरपत्रिका तपासणं, प्रयोगांना मदत, संदर्भसाहित्य शोधणं. एनओसीची वाक्यं जशीच्या तशी उतरवलेलं पत्र संशय ओढवून घेतं. निमंत्रणानंतर अर्जाला ६० दिवसच मिळतात, म्हणून प्राध्यापक सबॅटिकलवर जाण्याआधीच ही पत्रं मागून ठेवा.

प्रश्न : डिग्रीनंतर त्याच लॅबमध्ये आरए राहिलो तर?

उत्तर : मग सीईसीचा रस्ता खुला होतो. पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिटवर केलेलं तेच ४१२०१ चं पगारी काम मोजलं जातं. गेल्या तीन वर्षांत १,५६० तास भरले की झालं, मध्ये खंड पडला तरी चालतो. थीसिसच्या दुरुस्त्या चालू असताना नोंदणी पूर्णवेळ असेल, तर ते आठवडे वगळूनच हिशेब करा.