थांबवायचं कुणाला?

डिसेंबर लागला की बडोद्याच्या कॉलेजांत गॅदरिंगच्या तालमी सुरू होतात आणि माझ्याकडे परवानगी, बंदी, नोटीस हे शब्द असलेली पत्रं येऊ लागतात. बरीच वर्षं कायदा शिकवला, त्यांतली काही शिस्तपालन समितीत काढली, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालं आहे. यंदाची ही चार पत्रं.

आमच्या विभागात एका बाहेरच्या वक्त्यांचं व्याख्यान ठरलं आहे. एका गटाने 'होऊ देणार नाही' असं कळवलंय. प्राचार्य म्हणतात, पुढे ढकला, उगीच विषाची परीक्षा कशाला? काय करावं?
— विभागप्रमुख, सयाजीगंज

सर, पुढे ढकललेलं व्याख्यान पुन्हा झालेलं मी क्वचितच पाहिलंय. धमकी देणाऱ्यांना मात्र त्यातून एवढं नक्की कळतं की एका फोनवर काम होतं. पुढच्या वेळी तो फोन दुसराच गट करतो.

1989 मध्ये एस. रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दडपता येणार नाही. विरोधी जमाव आवरता येत नाही, ही सबब सरकारला सांगता येत नाही. आपल्या गावाला हे वेगळं सांगायला नको. मे 2007 मध्ये महाराजा सयाजीराव (म. स.) विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स शाखेत परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवरून बाहेरची माणसं आत आली आणि पोलिसांनी चित्रं काढणाऱ्या विद्यार्थ्यालाच अटक केली. मुलांनी निषेध म्हणून भारतीय कलापरंपरेतल्या चित्रशिल्पांच्या प्रतिमा मांडल्या. ते प्रदर्शन बंद करायला नकार देणारे प्रभारी डीन शिवाजी पणिक्कर निलंबित झाले. घुसले कोण आणि शिक्षा कुणाला, हे तुमच्या प्राचार्यांना जरूर विचारा.

आता कामाचं. धमकीचं पत्र किंवा मेसेज जोडून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. प्रवेश ओळखपत्रावर ठेवा. त्या गटाला चहाला बोलवा, आक्षेप काय ते ऐका, व्याख्यानानंतर अर्धा तास प्रश्नांना ठेवून पहिला प्रश्न त्यांना द्या. गेटबाहेर ते काळे झेंडे घेऊन शांतपणे उभे राहिले तर राहू द्या, तीही अभिव्यक्तीच आहे. माइक हिसकावणं नाही. पोलिसांनी बंदोबस्त शक्य नाही असं लेखी दिलं, तरच तारीख बदला, आणि नवी तारीख त्याच नोटिशीत छापा.

एकांकिकेची संहिता आधी दाखवायला लावली. मेसच्या डाळीवरचा आणि ट्रस्टींच्या फोटोवरचा प्रसंग कापा म्हणाले. कॉलेज खासगी आहे. आम्ही काही करू शकतो का, मॅडम?
— टी.वाय.ची विद्यार्थिनी

मुली, आधी त्यांना विचार, तेही लेखी, की हे कुठल्या नियमाखाली? 'वरून सांगितलंय' हा नियम नव्हे. सप्टेंबर 1969 मध्ये अहमदाबादेत विद्यार्थी संपाच्या निमित्ताने सभा घ्यायला पोलिसांनी परवानगी नाकारली. ते प्रकरण हिंमतलाल शहा यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. 1972 मध्ये न्यायालयाने परवानगीचा तो नियमच रद्द केला, कारण परवानगी कधी द्यायची, कधी नाकारायची याचा कसलाच निकष त्यात नव्हता. वेळ, जागा, आवाज यांवर नियम करता येतात; अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाही.

तो निकाल पोलिसांविरुद्ध होता, हे खरं. सरकारी विद्यापीठाला राज्यघटना सरळ लागू होते. खासगी कॉलेजचं तसं नाही. 2023 मध्ये कौशल किशोर प्रकरणात घटनापीठाने बहुमताने अभिव्यक्तीसारखे मूलभूत हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही मागता येतील असं म्हटलं, पण डाळीसाठी तू हायकोर्टात जाणार नाहीस. सांस्कृतिक समितीत विद्यार्थी प्रतिनिधी असतो, त्याला गाठ.

एक कबुली देते. तरुणपणी मीही लाल पेनने एक विनोद कापला होता. प्रयोगात त्या जागी मुलं तोंड मिटून नुसती प्रेक्षकांकडे बघत उभी राहिली. सभागृह एवढं हसलं की मूळ विनोदाला त्याच्या निम्मंही हसलं नसतं.

मुलाने हॉस्टेलच्या पाण्याबद्दल इन्स्टाग्रामवर लिहिलं. रेक्टरनी फोनवरच 'पंधरा दिवस सस्पेंड' सांगितलं. एफआयआर करू असंही म्हणतात. आम्ही घाबरलो आहोत.
— पालक, मकरपुरा

भाऊ, फोनवर शिक्षा होत नसते. आरोप काय ते लेखी कळवणं, उत्तर द्यायला वेळ देणं, म्हणणं ऐकणं आणि कारणांसह आदेश देणं, एवढं झाल्याशिवाय तो आदेश टिकणं कठीण. आजच ईमेलवर आदेशाची प्रत मागा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2023 च्या नियमांनुसार तक्रार निवारण समिती असायलाच हवी आणि तिच्यावर लोकपाल.

एफआयआरचं म्हणाल, तर मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर जामनगरमध्ये एका कवितेवरून नोंदवलेला एफआयआर रद्द केला. शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या समंजस माणसाच्या नजरेने मोजायचा, हळव्या माणसाच्या नव्हे, असं तिथे म्हटलंय. गढूळ पाण्याच्या फोटोने कुणाच्या भावना दुखावल्या, हे रेक्टरनाच सांगू द्या.

मात्र पोस्ट मला पाठवा. 'पाणी गढूळ आहे' आणि 'रेक्टर पैसे खातो' यांत बदनामीच्या कायद्याचं अंतर आहे. दुसरं लिहिलं असेल आणि पुरावा नसेल, तर मुलाने तेवढी ओळ काढावी.

मुलं शिकायला जातात की घोषणा द्यायला?
— एक आजोबा, दांडिया बाजार

आजोबा, दोन्हीला. 1949 मध्ये म. स. विद्यापीठ झालं तेव्हा पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता होत्या, आणि त्या घटना समितीच्या मूलभूत हक्क उपसमितीत बसून आल्या होत्या. परीक्षेच्या दिवसांत लायब्ररीखाली ढोल बडवणाऱ्यांना मात्र मीही हाकलीन, घोषणा माझ्या आवडीच्या असल्या तरी.