एफडी मोडण्याआधी हीटरच्या दोन वायरी सोडवून बघा

सप्रेम नमस्कार काका,

तुमचं पत्र थोडक्यात असं: इंदूरच्या बायपासजवळच्या घरात गच्चीवर चार माणसांचा हॉट टब, पाच वर्षं जुना. पंप सुरू केला की दहा-एक मिनिटांत आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो. विक्रेता म्हणतो पंप, हीटर, कंट्रोल बॉक्स सगळंच बदला, १,३५,००० रुपये. ओळखीचा मिस्त्री म्हणतो आरसीसीबीच खराब आहे, ८०० रुपयांत तो वगळून डायरेक्ट करून देतो. तुम्ही विचारताय, ३ लाखांची एफडी मोडू, की नो-कॉस्ट ईएमआय घेऊ?

आधी मिस्त्रीचं बघू, कारण तिथे प्रश्न पैशांचा नाही. आरसीसीबी पडतो म्हणजे कुठून तरी करंट जमिनीकडे गळतोय. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपियरच्या गळतीला पडतो, आणि तो पडतो म्हणूनच पाण्यात बसलेला माणूस वाचतो. तुमची नातवंडं त्यात उतरतात. डायरेक्ट करायचं नाही, ८०० रुपयांत नाही आणि फुकटही नाही. आरसीसीबीवर शंकाच असेल तर नवा लावून बघता येईल.

आता विक्रेता. काय बिघडलंय ते न तपासता त्याने तिन्ही वस्तूंचा भाव दिलाय. पंप दहा मिनिटं नीट चालतो, एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच) पडत नाही, मोटर नुसती गुणगुणत अडत नाही. (तशी अडली असती तर आधी मोटर सुरू करायला मदत करणारा कंडेन्सर बघितला असता, तो दोन-चारशे रुपयांत येतो.) त्यामुळे माझा पहिला संशय हीटरवर आहे. बायपासकडे बरीच घरं बोरिंगच्या पाण्यावर असतात. जड पाण्याने हीटरच्या कांडीवर पांढरा थर बसतो, आतली उष्णता बाहेर पडत नाही, वरचं आवरण तडकतं आणि पाणी आत शिरतं. मग गरम व्हायला लागलं की गळती सुरू होते.

हे तपासायला तासभर लागतो. लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा, मेन बंद करून हीटरच्या दोन्ही वायरी कंट्रोल बॉक्समधून सोडवून टोकं झाकायला सांगा, मग नुसता पंप चालवून बघा. अर्धा तास आरसीसीबी टिकला तर दोषी हीटर. नाही टिकला तर मोटरला मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावायला सांगा. वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) आणि अर्थ यांच्यामध्ये एक मेगओहमपेक्षा कमी आलं तर मोटरमध्ये ओल आहे. बहुतेक वेळा वॉटर सील झिजून पाणी आत जातं, आणि मोटरखाली गंजाचा ओघळ दिसतो. तेवढ्यावरही पंप टाकून द्यायची गरज नसते. सील, बेअरिंग, फार तर रिवाइंडिंग, आणि असं काम करणारी दुकानं इंदुरात पुष्कळ आहेत. सियागंजच्या बाजारात जाऊन नुसती चौकशी केलीत तरी विक्रेत्याच्या आकड्याचा अंदाज येईल.

आता एफडी. चार वर्षं झालीत, एक उरलंय. दंड फक्त उरलेल्या काळावर लागतो असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. बँक झालेल्या काळाचा दर धरते आणि त्यातून सहसा अर्धा ते एक टक्का कापते, तोही संपूर्ण चार वर्षांवर. एक टक्का धरला तर ३ लाखांवर ढोबळ १२,००० रुपये गेले. शिवाय तुम्हीच लिहिलंय की ही एफडी दवाखान्यासाठी ठेवलीय. टबासाठी ती मोडू नका. अगदीच लागले तर त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या. त्याचा दर एफडीपेक्षा एक-दोन टक्केच वर असतो आणि एफडी चालू राहते. नो-कॉस्ट ईएमआयवाल्याला एकच विचारा: रोख दिले तर किती? तो जितके कमी सांगेल तितकं तुमचं व्याज. प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी वेगळा.

पण खरा हिशेब वापराचा आहे. गेल्या वर्षी टब बारा वेळा वापरला म्हणता. १,३५,००० पाच वर्षांत वाटले तर वर्षाला २७,०००, म्हणजे दर वेळेला २,२५० रुपये. वीज त्यामानाने किरकोळ आहे: १,००० लिटर पाणी २० वरून ३८ अंशांवर न्यायला सुमारे २१ युनिट, ८ रुपये दराने १७० च्या आसपास. पाणी गरम ठेवायला थोडी आणखी. डिसेंबरच्या थंडीत गच्चीवर गरम पाण्यात बसण्याची मजा मला कळते, पण एवढ्या पैशांत नाही.

माझी मर्यादा ३५,०००. त्यात हीटर किंवा मोटरचं काम आणि पाण्याचा जडपणा कमी करायची सोय बसली तर जरूर करा. पाण्याचं काही न करता नवा हीटर घातलात तर तोही तसाच जाईल. खर्च वर जात असेल तर टब आहे तसा विकून टाका, तुमचा मुलगा रागावला तरी.

तपासणी होऊन निर्णय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागणार असतील तर मेन बंद करून टब रिकामा करून ठेवा. पंपाविना पाणी साचून राहिलं की डास होतात, आणि तेवढ्या पाण्याचं टनभर वजन स्लॅबवर उगाच कशाला?