वाचक विचारतात : चांदीच्या फवाऱ्याला पाणी कुठलं?

फवाऱ्याने चढवलेल्या क्रोमवर मी मागच्या अंकात लिहिलं होतं. ज्यांनी तो वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नाव क्रोमचं असलं तरी चढते ती चांदी. आधी गुळगुळीत बेस कोट, तो वाळला की त्यावर टिन क्लोराइडचं पाणी, मग विसळणं. त्यानंतर दोन तोंडांची गन. एका तोंडातून अमोनियात विरघळलेली चांदी येते, दुसऱ्यातून ग्लुकोजसारखं रिड्यूसर, म्हणजे द्रावणातली चांदी धातू म्हणून बाहेर काढणारं रसायन. दोन्ही फवारे वस्तूवर भेटतात आणि डोळ्यांदेखत आरसा तयार होतो. पुन्हा विसळायचं, सुकवायचं, वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक कोट मारायचा. आलेली पत्रं वाचली तर बहुतेक सगळी फिरून फिरून पाण्यावरच आलेली दिसली. म्हणून या वेळी फक्त पाणीच घेते.

ताई, सांगलीत माझं बाइकचे पार्ट रंगवायचं वर्कशॉप आहे. घरच्या आरओचं पाणी वापरतो, मीटर ४० टीडीएस (विरघळलेला एकूण खार) दाखवतो. तरी चांदी पिवळट येते आणि कडांना तपकिरी ढग दिसतात. सिल्व्हर नायट्रेट विरघळवताना पाणी थोडं दुधाळ होतं, पण अमोनिया घातला की एकदम स्वच्छ. मग दोष पाण्यात कसा असेल?

दुधाळपणाचं तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

पाण्यात मीठ असेल, म्हणजे क्लोराइड असेल, तर चांदी त्याला लगेच पकडते आणि सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका तयार होतो. तोच तुम्हाला दुधासारखा दिसला. हा साका अमोनियात विरघळतो. त्यामुळे पाणी स्वच्छ झालं असं वाटतं, पण क्लोराइड तिथेच असतं, फक्त दिसेनासं होतं. शिवाय तो साका विरघळवण्यासाठी तुम्ही अंदाजाने अमोनिया वाढवत गेलात तर दुसरी अडचण उभी राहते. अमोनिया जास्त झाला की चांदी बसायला वेळ लावते, तेवढ्यात फवारा ओघळून जातो आणि थर पातळ राहतो. पातळ थर पिवळट दिसतो.

हिशेब करून बघा. १ ग्रॅम क्लोराइड साधारण ३ ग्रॅम चांदी अडकवतं. बोअरच्या मचूळ पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम क्लोराइड असेल, तर एका लिटरमागे ३०० मिलिग्रॅम चांदी अडकली. आता वस्तूवर चांदी किती बसते? थराची जाडी मिलिमीटरचा दहा हजारावा भाग धरली तर १ चौरस मीटरला जेमतेम १ ग्रॅम. इतक्या नाजूक थराखाली आरओच्या पाण्यातला थोडासा खार राहिला तरी तो झाकला जात नाही.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. शिरोलीत स्वतःचं काम सुरू केलं त्या पहिल्या वर्षी एका तालमीने बक्षिसासाठी फायबरच्या २२ गदा दिल्या होत्या. मैदान रविवारी होतं. पाणी मी बाहेरून आणलं, बॅटरीत घालतात ते, कॅनवर ‘डिस्टिल्ड’ लिहिलेलं. पहिल्या आठ गदा सुंदर उतरल्या. नवा कॅन उघडला आणि नवव्या गदेपासून गोळ्यावर धुरकट ढग यायला लागले. मी गन साफ केली, हवेचा दाब बदलला, बेस कोट पुन्हा मारला. तीन दिवस गेले. खरं तर त्याआधी नऊ वर्षं मी प्लेटिंगच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. निकेलच्या टाकीतलं क्लोराइड रोज सिल्व्हर नायट्रेटनेच मोजायचे. शुक्रवारी रात्री शेवटी त्या कॅनमधलं पाणी काचेच्या नळीत घेऊन सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. नळी ताकासारखी झाली. कॅन आधी कशाला तरी वापरून नुसता विसळून भरलेला असणार. १४ गदा सोलून पुन्हा केल्या. शनिवारची रात्र मी आणि माझा भाऊ झोपलो नाही. त्या दिवसापासून माझ्या कारखान्यात प्रत्येक नव्या कॅनचं पाणी आधी नळीत जातं, मग गनमध्ये.

चाचणी तुम्हीही करा. डीआय पाण्यात, म्हणजे रेझिनने सगळे क्षार काढलेल्या पाण्यात, १ टक्का सिल्व्हर नायट्रेट करून तपकिरी बाटलीत ठेवा. तपासायचं पाणी स्वच्छ नळीत घ्या, त्यात पातळ नायट्रिक आम्लाचा एक थेंब घाला. पाण्यातल्या कार्बोनेटमुळे येणारा गढूळपणा त्याने निघून जातो. मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन-तीन थेंब टाका आणि नळीमागे काळा कागद धरा. धुरासारखी रेघ उतरली तर ते पाणी चांदीच्या कामाचं नाही. हातमोजे घाला, कारण सिल्व्हर नायट्रेटचा काळा डाग कातडी बदलेपर्यंत जात नाही.

आणि एक गोष्ट जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. टिनचं जे पाणी आपण मारतो ते टिन क्लोराइडचं असतं, त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्लही असतं. म्हणजे क्लोराइड आपणच वस्तूवर फवारतो. म्हणून टिननंतरचं विसळणं सगळ्यात महत्त्वाचं. पाणी वाचवायचं असेल तर दुसरीकडे कुठेही वाचवा, तिथे वाचवू नका. वरून खाली, पाण्याचा पडदा कुठेही न फाटता वाहत जाईल असं विसळा. पडदा फाटून थेंब झाले तर त्या जागी तेलकटपणा आहे, तिथे चांदी धरणार नाही.

तुमचा आरओ टाकून देऊ नका. त्याच्यापुढे मिक्स्ड बेड रेझिनचं, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांचं सिलिंडर जोडा. घरच्या आरओत चवीसाठी कच्चं पाणी परत मिसळणारा छोटा कॉक असतो, कधी खनिजांची नळीही असते. जोड त्यांच्या आधी घ्या.

लातूर जिल्ह्यातून : बोअरचं पाणी जड आहे म्हणून सॉफ्टनर बसवला. आता साबणाला फेस छान येतो. हे पाणी चालेल ना?

नाही. सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम देतो. क्लोराइडला तो हातही लावत नाही, आणि विरघळलेला एकूण खार जवळपास तेवढाच राहतो. उकळूनही उपयोग नाही. पाणी आटतं, मीठ खाली राहतं. तुरटी फिरवली तर गाळ बसेल, पण वर सल्फेट वाढेल. सॉफ्टनर राहू द्या, त्याने पुढच्या आरओच्या मेंब्रेनवर क्षार कमी बसतील. सॉफ्टनर, मग आरओ, मग रेझिन, असा क्रम लावा.

पेणहून : आमचा गणपतीचा कारखाना आहे. फायबरच्या प्रभावळींना चांदीचा लेप द्यायचा विचार आहे. काम ऐन पावसाळ्यात असतं. पागोळ्यांचं पाणी तर आभाळातून आलेलं, म्हणजे डिस्टिल्डच. ते धरून वापरलं तर?

तुमचा विचार मला आवडला, कारण पावसाच्या पाण्यात जमिनीतला खार नसतोच. पण पेण खाडीपासून फार लांब नाही. समुद्रावरून येणारा वारा लाटांचे बारीक तुषार उचलून आणतो आणि त्यांतलं मीठ पावसात उतरतं. किनाऱ्याजवळच्या पावसात म्हणूनच क्लोराइड सापडतं. त्यात पागोळ्या म्हणजे कौलांवरची धूळ, शेवाळ, पाखरांची घाण. पत्रा असेल तर जस्त.

तरी नाही म्हणून मोकळी होणार नाही. आषाढात चांगली झड लागून छप्पर धुऊन निघालं की उघड्यावर स्वच्छ प्लास्टिकचं पिंप ठेवा, ते पाणी गाळून घ्या आणि वर सांगितलेली थेंबाची चाचणी करा. बोअरपेक्षा ते कितीतरी हलकं निघेल. रेझिनमधून काढलंत तर रेझिन खूप दिवस टिकेल. थेट गनमध्ये मात्र भरू नका. एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्याबद्दलही दोघांनी विचारलंय, त्यांनाही हेच उत्तर. ते पाणी वाफेचंच, पण तांब्या-ॲल्युमिनियमच्या कॉइलवरून, धूळ आणि बुळबुळीत थर धुऊन आलेलं असतं.

पावसाळ्यातली तुमची खरी अडचण दमट हवेची असेल. विसळल्यावर थेंब लवकर सुकत नाहीत. कॉम्प्रेसरच्या हवेने ते उडवून लावा, पण त्या हवेत तेल आणि पाणी असता कामा नये.

पिंपरीहून : डीआयचं सिलिंडर बसवलंय. नळीतून येताना मीटर ० दाखवतो, पिंपात सकाळपर्यंत १-२ होतो. रेझिन संपलं का? आणि क्लिअरखाली बारीक पांढरे ठिपके येतात ते का?

तुमचा मीटर ० म्हणतो तेव्हा तो खरं म्हणजे ‘मला दिसत नाही’ असं म्हणतो. टीडीएसचा पेन आतून वीजवहनच मोजतो आणि त्यावरून आकडा काढतो. त्याच्याऐवजी मायक्रोसीमेन्स दाखवणारा, दशांशाचा मीटर घ्या. अगदी शुद्ध पाणी २५ अंशांना ०.०५५ मायक्रोसीमेन्स दाखवतं. असं पाणी उघडं ठेवलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि १ च्या आसपास जातं. त्याने चांदीचं काही बिघडत नाही. मी ५ मायक्रोसीमेन्सवर काम थांबवते.

तुमच्या ठिपक्यांचं कारण मला वेगळं वाटतं. रेझिन थकत आलं की सिलिका आधी निसटते, आणि सिलिका मीटरवर जवळजवळ दिसत नाही. शेवटच्या विसळण्यानंतर थेंब जागीच सुकला तर त्यातलं जे काही आहे ते त्या जागी राहतं. म्हणून दोन सिलिंडर एकामागे एक जोडा आणि मीटर दोघांच्या मध्ये ठेवा. मधला आकडा हलला की पहिलं काढा, दुसरं पहिल्याच्या जागी आणा आणि मागे नवं लावा. संपेपर्यंत वापरायचा मोह टाळा.

पिंप झाकणाचं, प्लास्टिकचं. पितळेचा कॉक नको, जीआय पाइप नको. या पाण्यात क्लोरीन नसतं, त्यामुळे बुळबुळ लवकर धरते. पिंपाच्या आतून बोट फिरवून बघा. निसरडं लागलं तर आकडा कितीही चांगला असो, ते पाणी ओतून द्या.

इचलकरंजीहून : उरलेलं चांदीचं पाणी दुसऱ्या दिवशी वापरावं का? आणि धुण्याचं पाणी गटारात सोडलं तर चालतं का, एवढं पातळ असतं.

दोन्हींना नाही, आणि पहिल्या प्रश्नावर मी हात जोडून सांगते. अमोनिया घातलेलं चांदीचं द्रावण ठेवून दिलं तर त्यात सिल्व्हर नायट्राइडसारखे स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतात. बाटलीच्या तोंडाशी वाळलेला काळा थर नुसत्या घासण्याने फुटू शकतो. डीआय पाणी महाग पडतं म्हणून उरलेलं द्रावण झाकून ठेवणारी चांगली चांगली माणसं मी पाहिली आहेत. लागेल तेवढंच करा. संध्याकाळी उरलंच तर मोकळ्या हवेत, चष्मा आणि हातमोजे घालून, त्यात पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल हळूहळू घाला, लिटमस लाल होईपर्यंत. तो पांढरा साका इथे आपल्या कामाला येतो. सगळी चांदी क्लोराइड होऊन खाली बसते. गन आणि नळ्या लगेच डीआय पाण्याने धुवा.

धुण्याचं पाणी वेगळ्या टाकीत धरा. विरघळलेली चांदी मासे आणि पाण्यातल्या बारीक जिवांना अगदी थोड्या प्रमाणातही घातक असते, आणि आपलं गटार शेवटी पंचगंगेलाच मिळतं. त्या नदीने आधीच पुष्कळ सोसलंय. साका साठवा, हुपरी तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, चांदी गाळणाऱ्यांशी बोला. वरचं पाणी उदासीन करून प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या प्रक्रिया केंद्राकडे द्या.

गडहिंग्लजहून एक शिक्षिका : बाई, मी फवारा करत नाही. पण दहावी-बारावीच्या मुलांना चांदीच्या आरशाचा प्रयोग दाखवते तेव्हा परीक्षानळीत आरशाऐवजी काळा गाळ येतो. मुलं हिरमुसतात.

तुमचा प्रयोग आणि आमचा फवारा एकच. युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये हाच आरसा पाहिला, आणि पुढे काचेमागे टिन-पाऱ्याऐवजी चांदी आली. आपण मात्र अजूनही ‘आरशाचा पारा उडाला’ असंच म्हणतो.

नळी नळाच्या पाण्याने धुऊन तशीच घेत असाल. आधी साबण, मग नायट्रिक आम्ल, मग डीआय पाण्याने तीनदा विसळा आणि बोट आत जाऊ देऊ नका. द्रावणंही त्याच पाण्यात करा. अमोनिया थेंब थेंब घाला, तपकिरी साका जेमतेम विरघळला की थांबा. नळी आचेवर न धरता कोमट पाण्यात उभी करा आणि हलवू नका. आरसा दिसला की मुलांना दाखवा आणि द्रावण त्याच तासाला आम्ल घालून संपवा, कपाटात ठेवू नका.

पाच लिटर डीआय पाणी मी तुमच्या शाळेसाठी भरून ठेवते. कोल्हापूरला कुणी येणार असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा. कॅन नवा असेल आणि थेंब टाकून तपासलेला असेल.