माळ्यावरच्या व्हिडिओ कॅसेट : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटचे काय करावे, असे विचारणारी पत्रे या सदराकडे सातत्याने येत आहेत. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या सदाशिव पेठेतील वाड्याच्या जागी नवी इमारत होणार असल्याने माळा रिकामा केला, तेव्हा एक ट्रंक निघाली. तीत सासऱ्यांचे सहस्रचंद्रदर्शन, मुलाची मुंज आणि नणंदेचे लग्न अशा व्हीएचएस कॅसेट आहेत. काहींच्या खिडकीतून आत पांढरी भुकटी दिसते. आमचा व्हीसीआर कित्येक वर्षे बंद आहे. शेजारचे म्हणतात, एकदा लावून तर पाहा. लावावी काय? (एक निवृत्त शिक्षिका, पुणे)

उत्तर : कृपया लावू नये. आपल्याला दिसणारी भुकटी बहुधा बुरशी आहे. पुण्यात जून ते सप्टेंबर या काळात हवेत जो ओलावा असतो, तो माळ्यावरच्या बंद ट्रंकेत शिरतो आणि पुढे सहजासहजी बाहेर पडत नाही. व्हीएचएसची फीत म्हणजे १२.७ मिलिमीटर रुंदीची पॉलिएस्टरची पट्टी. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण एका चिकट द्रव्यात बसवलेले असतात आणि चित्र त्या कणांच्या चुंबकत्वात साठवलेले असते. हे चिकट द्रव्य ओलावा शोषून हळूहळू विघटित होते आणि बुरशीलाही त्याच ओलाव्यात वाढता येते. व्हीसीआरमध्ये फीत एका तिरप्या बसवलेल्या ड्रमभोवती वळसा घेते. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल (PAL) या चित्रपद्धतीत हा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि त्यावरची हेड फितीला घासत चित्र वाचतात. एवढ्या वेगात बुरशीची पूड मध्ये आली, तर फीत खरवडली जाते, हेड भरून जातात आणि तीच पूड पुढे लावलेल्या चांगल्या कॅसेटलाही लागते.

आधी भुकटी असलेल्या कॅसेट बाकीच्यांपासून वेगळ्या काढाव्यात आणि त्या हाताळताना नाकावर मास्क ठेवावा, कारण ही पूड श्वासातून जाणे चांगले नाही. त्यानंतर त्या कोरड्या, हवेशीर खोलीत उभ्या ठेवाव्यात किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह काही आठवडे ठेवाव्यात. वाळवणाप्रमाणे उन्हात मात्र ठेवू नयेत. पापड कुरडयांना मानवणारे चैत्रातले ऊन कॅसेटचे प्लास्टिक वाकवते आणि फितीचा आकार बिघडवते. बुरशी पूर्ण कोरडी झाली की तिची वाढ थांबते आणि ती झाडून काढता येते. त्यासाठी कॅसेटचे पाच स्क्रू काढून रिळे बाहेर काढावी लागतात आणि ती स्वच्छ कवचात बसवावी लागतात. हात बसलेला नसेल, तर सासऱ्यांच्या कॅसेटवर हा प्रयोग करू नये. ते काम जाणकाराकडेच द्यावे.

भुकटी नसलेल्या कॅसेटसाठीही आपला बंद व्हीसीआर लगेच वापरू नये. आतले रबरी पट्टे आणि फीत ओढणारा रबरी रोलर वर्षानुवर्षे पडून राहिल्याने कडक झालेले असतात आणि असे यंत्र फीत गुंडाळून चावते. नवा व्हीसीआर बाजारात मिळणार नाही, कारण तो बनवणारी जपानची फुनाई ही शेवटची कंपनी २०१६ मध्ये या व्यवसायातून बाहेर पडली. दुरुस्तीच्या चौकशीची सुरुवात बुधवार पेठेतील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या तपकीर गल्लीपासून करावी. जुन्या बाजारातून यंत्र घेतलेच, तर त्याची परीक्षा टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या एखाद्या जुन्या चित्रपटाच्या कॅसेटवर करावी, घरच्या कॅसेटवर नव्हे. यंत्र ठीक चालते आहे याची खात्री झाल्यावर कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे न्यावी, म्हणजे रिळावरची फीत सारख्या ताणाने बसते. कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची छोटी पट्टी मोडलेली नसेल, तर ती आधी मोडावी, म्हणजे चुकूनही वरून रेकॉर्डिंग होणार नाही. आणि प्रथम चालवाल तेव्हाच उतरवून घ्यावे. "आधी बघू, मग उतरवू" या क्रमात कमकुवत फीत पहिल्याच बघण्यात जाऊ शकते.

कोणत्या कॅसेटपासून सुरुवात करावी, हे आपण विचारलेले नाही, पण माझ्या मते तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. लग्नाची म्हणून सजवलेली, शीर्षके घातलेली, मिक्सिंग केलेली कॅसेट साहजिकच आधी हातात घेतली जाते. त्या काळच्या अनेक मिक्सिंगमध्ये मूळ आवाज काढून त्यावर चित्रपटगीते घातलेली असत. त्यामुळे पंगतीत उखाणा घेणारी आजी ओठ हलवताना दिसते आणि ऐकू मात्र गाणे येते. त्याच समारंभाची न कापलेली, लेबलावर नुसती तारीख टाकलेली कच्ची कॅसेट घरात असेल, तर तीत तो उखाणा, त्याला आलेली दाद, भटजींचे मंत्र आणि मागून कोणीतरी मारलेली हाक असे सगळे शिल्लक असण्याची शक्यता असते. म्हणून आपल्या ट्रंकेतली कच्ची कॅसेट आधी शोधावी, आणि हयात नसलेल्या माणसांचे बोलणे जिच्यात आहे ती सर्वांत आधी उतरवावी. युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने आणि दृक्श्राव्य संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये चुंबकीय फितींविषयी इशारा दिला होता, त्यात फिती डिजिटल करून घेण्यासाठी २०२५ हीच मर्यादा धरलेली होती. ती उलटली आहे. तरीही आशा सोडण्याचे कारण नाही. क्रम मात्र विचाराने लावायला हवा.

प्रश्न : यूएसबी कॅप्चर यंत्र आणून मी आईबाबांच्या लग्नाची कॅसेट संगणकात घेतली. चित्र वरच्या बाजूला वाकते, हालचाल होताच कडांना कंगव्यासारख्या रेषा दिसतात आणि सगळे लोक जाड दिसतात. एआयच्या साहाय्याने चित्र स्पष्ट करून जुनी फाइल पुसून टाकावी, असा विचार आहे. (संगणक क्षेत्रातील वाचक, कोथरूड)

उत्तर : जुनी फाइल कृपया पुसू नका. तिघांपैकी कोणताही दोष तिला निकामी ठरवत नाही. जाड माणसांचे कारण सोपे आहे. मूळ चित्र ४:३ या प्रमाणातले आहे आणि ते रुंद पडद्यावर ताणले गेले आहे. फाइलमधील प्रमाण दुरुस्त करावे आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. कंगव्यासारख्या रेषाही बिघाडाच्या नाहीत. पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, एकाआड एक ओळींनी, टिपलेले असते. जुना टीव्ही ते तसेच दाखवत असे. संगणक दोन्ही अर्धे एकदम दाखवतो, म्हणून हालचालीच्या जागी रेषा दिसतात. पाहण्यासाठी वेगळी प्रत करताना हे अर्धे भाग सेकंदाला ५० चित्रांत उलगडून घ्यावेत. २५ वर आणले, तर निम्मी हालचाल कायमची जाते.

वरच्या बाजूचे वाकणे मात्र खरा दोष आहे. फितीचा वेग किंचित कमीजास्त झाला की ओळी वेळेवर सुरू होत नाहीत. ते सावरणाऱ्या उपकरणाला टाइम बेस करेक्टर म्हणतात आणि ते महाग असते. काही जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून संकेत पुढे नेल्यासही पुष्कळ फरक पडतो, म्हणून नातेवाइकांकडे असा एखादा पडून आहे का, ते आधी विचारावे. कॅप्चर ७२० × ५७६ बिंदू (पिक्सेल) याच मापात करावे.

एआयविषयी माझे मत ठाम आहे. व्हीएचएसच्या चित्रात जे तपशील नाहीत, ते ही साधने अंदाजाने भरतात. पापण्या, दात, नथीतले मोती अशा गोष्टी नव्याने रचल्या जातात आणि चेहरा सुबक होतो, पण तो आपल्या आईचा राहिलेला असेलच असे नाही. हौस म्हणून वेगळी प्रत जरूर करावी, तिच्या नावात तसे स्पष्ट लिहावे आणि फितीवरून आलेली मूळ फाइल हात न लावता ठेवावी.

प्रश्न : माझ्या भावाने अमेरिकेतून पाठवलेली त्याच्या मुलीच्या बारशाची कॅसेट आमच्या व्हीसीआरवर फिरत्या, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांत दिसते. ती खराब झाली आहे का? (एक वाचक, सहकारनगर)

उत्तर : बहुधा नाही. अमेरिकेतील कॅसेट एनटीएससी पद्धतीची असते, तीत ५२५ ओळी असतात, आणि आपल्याकडील पाल पद्धतीत ६२५. दोन्ही पद्धती चालवणारा व्हीसीआर मिळवावा आणि कॅप्चर करतानाही एनटीएससी हीच निवड करावी.

प्रश्न : शहरातील एक दुकानदार कॅसेटमागे ठरावीक रक्कम घेऊन सर्व काही पेनड्राइव्हवर देतो म्हणतो. आमच्याकडे व्हीएचएसबरोबर हँडीकॅमच्या छोट्या मिनीडीव्ही कॅसेटही आहेत. काय विचारून घ्यावे? (एक दांपत्य, औंध)

उत्तर : मिनीडीव्हीचा प्रश्न आधी विचारावा, कारण त्यावरून दुकानदाराची जाण कळते. १९९५ मध्ये आलेल्या या कॅसेटवरील चित्रण मुळातच डिजिटल आहे. हँडीकॅममधून फायरवायरच्या तारेने ते संगणकात घेतले, तर फितीवर आहे तसेच ते उतरते आणि चित्रणाच्या वेळी कॅमेऱ्यात लावलेली तारीख व वेळही त्याबरोबर येते. "पिवळ्या, पांढऱ्या, लाल पिनेने घेतो" असे उत्तर मिळाले, तर डिजिटल चित्र आधी अॅनालॉग करून मग पुन्हा डिजिटल केले जाणार आहे, हे ओळखावे आणि त्या कॅसेट तेथे देऊ नयेत. योग्य रीतीने घेतलेल्या फाइलला तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. पाच-सहा तासांचे चित्रण एका छोट्या पेनड्राइव्हवर मावले, तर ते दाबून लहान केले आहे असे समजावे.

कॅसेट शहराबाहेर पाठवल्या जातात का, फीत तुटल्यास कोण जोडते, चित्रण उतरत असताना कोणी लक्ष ठेवते का, हेही विचारावे. कॅसेटची कळ दाबून दुकानदार दुसऱ्या कामाला गेला, तर ट्रॅकिंग, म्हणजे फितीवरच्या रेषांशी हेडचा मेळ, बिघडून अर्धा तास नुसते पांढरे ठिपके उतरलेले असतात. सर्व कॅसेट एकदम न देता कमी महत्त्वाची एक द्यावी, मिळालेली फाइल घरी शेवटपर्यंत पाहावी आणि मगच पुढच्या द्याव्यात. पेनड्राइव्ह केवळ नेण्याआणण्यासाठी आहे, घरी पोहोचताच फाइल हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी. डीव्हीडीवर मिळणारी प्रत ही एकमेव प्रत म्हणून कधीही स्वीकारू नये.

प्रश्न : आमच्या सर्व कॅसेट डिजिटल झाल्या आणि एका हार्ड डिस्कवर आहेत. आता निश्चिंत राहावे काय? आई शहाऐंशी वर्षांची आहे. (एक वाचक, नवी पेठ)

उत्तर : एकाच ठिकाणी असलेल्या प्रतीवर निश्चिंत राहता येत नाही, हे नवी पेठेतील माणसाला वेगळे सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांतील घरांतून माणसांच्या संसाराबरोबर फोटोंचे अल्बमही गेले. हार्ड डिस्क तर पुराशिवायही एका सकाळी बंद पडू शकते. तीन प्रती कराव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक तरी दुसऱ्या गावी, भाऊबहिणीकडे किंवा क्लाउडवर असावी. क्लाउडचे खाते एकाच्याच नावावर असेल आणि पासवर्ड दुसऱ्या कोणाला ठाऊक नसेल, तर त्या माणसाबरोबर आठवणीही जातात. गूगलच्या धोरणानुसार दोन वर्षे न वापरलेले खाते बंद करून त्यातील सामग्री काढून टाकली जाऊ शकते, म्हणून खात्यातील निष्क्रियतेविषयीची व्यवस्था आजच भरून ठेवावी. डिस्क वर्षातून एकदा लावून काही फाइल उघडून पाहाव्यात आणि जुनी झाली की नव्या डिस्कवर नक्कल करावी.

पण आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य मला अधिक तातडीचे वाटते. दिवाळीची वाट न पाहता आईंबरोबर बसून एक एक फाइल लावावी आणि त्या सांगतील ते मोबाइलवर रेकॉर्ड करावे. कितव्या मिनिटाला कोण दिसते, याची वही करावी. तीत "काकू", "मामा", "वरच्या मजल्यावरचे" असे लिहू नये, कारण कोणाच्या काकू हे पुढच्या पिढीला उमगणार नाही. पूर्ण नाव लिहावे आणि स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे नाव व आडनावही लिहावे. आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर नावही बदलण्याची पद्धत अनेक घरांत होती, त्यामुळे माहेरची कुसुम आणि सासरची सुनंदा ही एकच बाई आहे, हे सांगू शकणारे माणूस आज कदाचित आपल्या आईच असतील. आई थकतात, तेव्हा एका बैठकीत अर्ध्या तासाहून अधिक बसवू नये. नाव आठवले नाही, तर जागा रिकामी सोडावी. चित्र पुन्हा पाहताना ते पुष्कळदा आपणहून आठवते.

नातेवाइकांना प्रती वाटताना थोडा विचार करावा. मोडलेल्या लग्नाची किंवा अकाली गेलेल्या मुलाची चित्रफीत घराच्या व्हॉट्सअॅप समूहावर टाकू नये. ज्यांची ती आहे, त्यांना आधी विचारावे.

प्रश्न : डिजिटल झाल्यावर मूळ कॅसेट टाकून द्याव्यात काय? घरात जागा नाही. (एक वाचक, धनकवडी)

उत्तर : शक्यतो टाकू नयेत. लॉ कॉलेज रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, जे १९६४ मध्ये स्थापन झाले, चित्रपटांच्या डिजिटल प्रती होत असल्या तरी मूळ फिल्म जपल्याच जातात, कारण पुढे अधिक चांगल्या यंत्राने त्यांतून अधिक मिळू शकते. घरी कॅसेट पूर्ण मागे नेऊन, कव्हरसह, पुस्तकांप्रमाणे उभ्या आणि स्पीकरपासून दूर, राहत्या खोलीतील कपाटात ठेवाव्यात. तापणाऱ्या स्लॅबखालचा माळा आणि ओल येणारी भिंत टाळावी. जागा खरोखरच नसेल, तर मिक्सिंग केलेल्या लग्नाच्या जादा प्रती आणि टीव्हीवरून घेतलेले चित्रपट आधी काढावेत. बाकीच्यांतील एखादी काढण्यापूर्वी तिची फाइल कोणीतरी पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत पाहिलेली असावी आणि दोन वेगळ्या घरांत तिच्या प्रती उघडून तपासलेल्या असाव्यात.