शाळेत जंतनाशक गोळी घेऊनही मुलीला पुन्हा जंत का होतात?

ही गोळी पोटातले जंत मारते. गावच्या मातीत पडलेल्या त्यांच्या अंड्यांपर्यंत ती पोहोचत नाही. आपल्या मुलीला शाळेत फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये अल्बेंडाझोलची गोळी मिळते, तरी काही महिन्यांत शौचातून जंत पडतात, म्हणून गोळी निकृष्ट असावी, असे आपण लिहिले आहे. भातशेतीच्या गावांत आरोग्यसेविका म्हणून काम करताना ही शंका मी अनेक आयांकडून ऐकली आहे.

गोल जंताची मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते. उघड्यावरच्या शौचातून ती मातीत मिसळतात, दोन-तीन आठवड्यांत संसर्गक्षम होतात, ओलसर जागी काही वर्षेही टिकतात आणि न धुतलेल्या हातांवाटे किंवा कच्च्या भाजीवाटे पोटात जातात. त्यामुळे गोळी घेतलेले मूल त्याच अंगणात, त्याच बांधावर खेळत राहिले, तर संसर्ग पुन्हा होणारच. गोळी मात्र बंद करू नका. पोटातील जंतांचा भार कमी राहिला, तरच मुलीच्या अंगी अन्न लागेल.

मला अधिक काळजी अंकुशकृमीची (हुकवर्म या बारीक जंताची) वाटते, कारण तो शौचात सहसा दिसतच नाही. त्याची अळी मातीतच वाढते, अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते, रक्तावाटे फुप्फुसांत आणि तेथून घशात येते, गिळली जाऊन लहान आतड्यात पोहोचते आणि तेथे चिकटून रक्त शोषते. लावणीच्या दिवसांत पायांना सुटलेली खाज ‘चिखल्या’ समजून सोडून दिली जाते. पुढे अंगातले रक्त कमी होऊन त्याच बाईला विहिरीवरून हंडा आणताना धाप लागते. शाळा-अंगणवाडीतली मोहीम १ ते १९ वर्षे वयासाठी आहे, शेतात राबणारी आई तिच्यात येत नाही. म्हणून आपणही प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर असाल, तर पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी घेऊ नका.

घरी दोन खड्ड्यांचे शौचालय असेल, तर भरलेला खड्डा बंद केल्यावर किमान वर्षभर, शक्यतो दोन वर्षे उपसू नका. लवकर उपसलेल्या खतात गोल जंताची अंडी जिवंत असतात, आणि असे खत परसातल्या मेथीच्या वाफ्यात पडले, तर शौचालय बांधूनही जंत ताटात परत येतात.