स्वित्झर्लंडमधल्या एखाद्या छोट्या गावातलं जगणं कसं असतं? तिथे डोंगर आणि गायींपलीकडे काही इतिहास आहे का?

मी कुटुंबासह ग्लारुसमध्ये राहतो, त्यामुळे या एकाच गावाबद्दल लिहितो. दुसऱ्या खोऱ्यात गेलात तर बोली बदलते, चीज बदलतं, कायदेही बदलतात. सगळ्या स्वित्झर्लंडच्या वतीने मला बोलता येणार नाही.

ग्लारुस झ्युरिकपासून आगगाडीने साधारण तासाभरावर, लिंथ नदीच्या अरुंद खोऱ्यात आहे. त्याच नावाच्या कॅन्टनची, म्हणजे इथल्या राज्याची, ही राजधानी. अख्ख्या कॅन्टनची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास. गावाला खेटून ग्लॅर्निश पर्वत उभा आहे, सुमारे २,९०० मीटर उंच, आणि हिवाळ्यात सूर्य लवकर त्याच्याआड जातो. पहिल्या हिवाळ्यात याचा फार त्रास होतो. रविवारी दुकानं बंद, रस्त्यात अनोळखी माणूसही नमस्कार करतो, शाळेत मुलं एकटी चालत जातात. शांतता खूप आहे. पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाला सुरुवातीला ती अंगावर येते. रोजच्या जगण्याबद्दल एवढं पुरे, कारण ते तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल.

इतिहासाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. या कॅन्टनचे कायदे आजही उघड्या मैदानात, हात वर करून होतात. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी गावातल्या चौकात लाकडी फळ्यांचं मोठं गोल रिंगण बांधतात. कॅन्टनचे मतदार त्यात जमतात, आणि कर, रस्ते, शाळा, कायदे यांवर तिथल्या तिथे निर्णय होतो. या सभेला लांड्सगेमाइंडे म्हणतात. असा कारभार आता देशात फक्त दोनच कॅन्टनांमध्ये उरला आहे. अध्यक्ष तलवारीवर हात टेकवून उभा असतो. लोक मतपत्रिका उंचावतात आणि तो नजरेनेच अंदाज घेऊन निकाल सांगतो. कोणताही मतदार व्यासपीठावर जाऊन बोलू शकतो, सरकारच्या प्रस्तावात दुरुस्ती सुचवू शकतो.

हे नुसतं जपून ठेवलेलं सोंग असावं, असं मलाही वाटलं असतं, पण २००६ साली काय झालं ते ऐका. कॅन्टनमध्ये तेव्हा २५ ग्रामपंचायती होत्या. त्यांच्या जागी १० कराव्यात असा सरकारचा प्रस्ताव होता. सभेत एका नागरिकाने उठून सांगितलं, दहा नको, तीनच करा. आणि सभेने ते मान्य केलं! पुढच्या वर्षी विरोधकांनी पुन्हा खास सभा भरवायला लावली. त्या सभेनेही तोच निर्णय कायम केला. २०११ पासून इथे तीनच पंचायती आहेत. २००७ मध्येच मतदानाचं वय १६ केलं, असं करणारा हा देशातला पहिला कॅन्टन. मुलांना रिंगणाच्या मध्यभागी, व्यासपीठाजवळ बसू देतात. माझी मुलगी शाळेतल्या मैत्रिणींबरोबर तिथे बसते. मी परदेशी नागरिक, म्हणून रिंगणाबाहेर उभा राहतो.

याच मैदानातल्या माणसांनी १८६४ साली कारखान्यांचा कायदा केला. दिवसाला बारा तासांपेक्षा जास्त काम नाही, रात्रपाळी बंद, शाळेच्या वयातल्या मुलांना कामावर घ्यायचं नाही, बाळंतिणीला सहा आठवडे काम नाही. प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांवरही मर्यादा घालणारा युरोपातला हा अगदी सुरुवातीचा कायदा, आणि १८७७ च्या देशव्यापी कायद्याला त्यानेच वाट करून दिली. हात वर करणाऱ्यांत कितीतरी जण स्वतः गिरणीत राबणारे होते. गिरणगावाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे वाचून थांबावंसं वाटतं.

कारण इथल्या गिरण्या कापडाच्या होत्या, आणि त्या कापडाचं मूळ आपल्याकडे आहे. भारतातून युरोपात गेलेल्या छापील चिटाने तिथल्या लोकांना वेड लावलं होतं. त्याची नक्कल करणारा पहिला छापखाना ग्लारुसमध्ये १७४० साली निघाला. शंभर वर्षांत खोरंभर छपाईचे कारखाने झाले आणि त्यांचा माल तुर्कस्तानात, जावात आणि खुद्द भारतातही विकायला जाऊ लागला. नदीकाठी अजून काही उंच लाकडी मनोरे दिसतात. त्यांत वरून खालपर्यंत ओलं कापड वाळत घालत.

अशाच एका मनोऱ्यात, शेजारच्या एनेंडा गावात, आज आना ग्योल्डीचं संग्रहालय आहे. आना ही एका वजनदार डॉक्टराच्या घरची मोलकरीण. डॉक्टरांच्या मुलीच्या दुधात टाचण्या सापडल्या म्हणून आनावर आळ आला. तिचा छळ करून कबुली घेतली आणि जून १७८२ मध्ये तिचं डोकं उडवलं. निकालपत्रात चेटकीण हा शब्द टाळला होता, विषप्रयोगाचा ठपका ठेवला, आणि ती मुलगी तर जिवंत होती. कॅन्टनच्या संसदेने २००८ साली, म्हणजे २२६ वर्षांनी, तिला निर्दोष ठरवलं. इथल्या न्यायालयाच्या इमारतीच्या माळ्यावर तिच्या स्मरणार्थ दोन दिवे कायम तेवत असतात. गावाने आपलं पाप लपवून ठेवलेलं नाही, याचा मला या गावाबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो. मतदानाचंही तसंच. इतकी शतकं हात वर करणारे सगळे पुरुषच होते. बायकांना हा हक्क १९७१ मध्ये मिळाला. आमच्या शेजारच्या आजी पुढच्या वर्षी पहिल्यांदा त्या रिंगणात उभ्या राहिल्या, आणि आजही त्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलतो.

गावात फिरताना जुनी घरं कमी दिसतील. १० मे १८६१ च्या रात्री आग लागली. डोंगरावरून उतरणारा फॉन नावाचा कोरडा, उष्ण वारा सुटला होता. त्याने ती आग घराघरांवरून पळवली आणि जवळजवळ सहाशे इमारती जळाल्या. काटकोनातले सरळ रुंद रस्ते त्यानंतरचे. फॉन सुटला की लोक अजूनही शेकोटी पेटवायला कचरतात. डोकं दुखणारेही पुष्कळ.

आता खाण्याचं. इथे शाबत्सिगर नावाचं कडक हिरवट चीज करतात. ते कसं करायचं आणि त्यावर शिक्का कसा मारायचा, हे लांड्सगेमाइंडेने १४६३ मध्येच ठरवून दिलं. त्यात मेथीच्याच कुळातली एक वनस्पती वाळवून घालतात. आमच्या घरी ते किसून गरम भाकरीवर लोण्याबरोबर खातात, आईलाही आवडलं.

यायचंच असेल तर मेच्या पहिल्या रविवारी या, सकाळी लवकर. हवा फार वाईट असेल तर सभा पुढे ढकलतात, तेव्हा आधी चौकशी करा. रिंगणाबाहेर कोणीही उभं राहू शकतं, तिकीट वगैरे नसतं, फक्त छत्री आणि गरम कपडे घ्या. सभा काही तास चालते आणि मधेच पाऊस आला तर कोणी उठत नाही. दुपारी सगळे वासराच्या मांसाचं सॉसेज खायला जातात. शाकाहारी असाल तर बेकरीत आलुबुखार आणि बदामाच्या सारणाची ग्लारनर पास्टेटे मागा.